मातीचं विरजण

दुर्वाताई खरमाटे यांना त्या तडजोडीतून काय मिळणार होतं, हे आधीच मांडून ठेवलेलं बरं. कारण पुढे अख्ख्या कृष्णानगरानं त्यांना देवमाणूस ठरवलं, आणि देवमाणसाकडे हिशेब मागायची आपल्यात पद्धत नाही.

पहिली जमेची बाजू म्हणजे सावली. ‘अनुग्रह’ सोसायटीच्या मागे, कुंपणाच्या भिंतीपलीकडे एक जुना शिरीष होता आणि त्याची सावली दिवसभर दुर्वाताईंच्या गॅलरीवर असायची. गॅलरीत खाटेवर त्यांचे यजमान अर्णवराव पडलेले असायचे. त्यांच्या हृदयाचं आणि उन्हाळ्याचं पटत नसे; झाड मध्ये पडत होतं म्हणून भागत होतं. पण प्रभागातली बाकीची झाडं गेली, तर हे झाड असूनही दोघांची रवानगी थंडघरात होणार होती. थंडघर म्हणजे शहराबाहेरची, अर्धी जमिनीत पुरलेली, बिनखिडक्यांची वसाहत. आत बारा महिने गार. माणशी एक खाट, एक कपाट. पुरुषांचा भाग निराळा, बायकांचा निराळा, आणि भेटीगाठी रविवारी.

दुसरी बाजू, भिंतीपल्याडच्या ‘पद्मरेखा’ सोसायटीचे अध्यक्ष निषाद बिरनाळे यांच्यावर कुरघोडी. तिसरी बाजू दुर्वाताई बोलून दाखवत नसत, पण प्रभागाची निवडणूक जवळ आली होती आणि त्यांना भाषणाची हौस होती.

खर्चाच्या बाजूला, तेव्हा तरी, काहीच दिसत नव्हतं.

एकविसावं शतक संपायला आलं होतं. सांगली, मिरज आणि कुपवाड एकमेकांत विरघळून कृष्णानगर झालं, त्यालाही एक पिढी उलटली होती. शहरात झाडं लावणाऱ्यांची कमतरता नव्हती. झाडंच धरत नव्हती. खत घातलं की महिनाभर तरारायची आणि पुन्हा मान टाकायची. खरी गोम पानांत होती. गळलेली पानं कुजतच नसत. पिंपळाचं पान रस्त्याकडेला वर्षानुवर्षं पुठ्ठ्यासारखं पडून राहायचं. सकाळी गाड्या यायच्या, पानं भरायच्या आणि शहराबाहेर त्यांचे डोंगर रचायच्या.

पान आपोआप कुजतं अशी आपली समजूत असते. भाकरी आपोआप पचते म्हणण्यासारखंच ते. पचायच्या आधी कुणीतरी चावावं लागतं. मातीत हे चावण्याचं काम करणारी मंडळी ठरलेली आहेत: गांडुळं, पावसाळ्यात गोल वेटोळं करून पडणारे वाणी, पाठीवर खवल्यांचं चिलखत घातलेले चिमुकले किडे, आणि पिसवेसारखे उडणारे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव. ही मंडळी म्हणजे अडकित्ता. त्यांनी पानाची सुपारी कातरून द्यायची, मग बुरशी आणि सूक्ष्म जंतूंनी ती चघळायची. अडकित्ता हरवला तर सुपारी तबकात तशीच राहते.

शहरानं हे अडकित्ते मारले, आणि मुद्दाम कुणीच मारले नाहीत. झाडाच्या बुंध्यापर्यंत फरशी आली. दिवे रात्रभर जळू लागले, तेव्हा अंधारात चरणाऱ्यांना चरायला वेळ उरला नाही. तापलेल्या सिमेंटशेजारी मातीत ओल टिकेना. उरलेलं काम आपल्या स्वच्छतेच्या आवडीनं केलं. पान पडलं की झाडू आलाच. ज्यांचं घरही पाचोळा आणि जेवणही पाचोळा, त्यांचं घर रोज सकाळी जेवणासकट झाडून नेलं जायचं. पान मातीत जाईना, म्हणून झाडाचं अन्न झाडाकडे परत येईना. शहरातली झाडं भरल्या पाण्यात उपाशी होती.

आणि झाडांना आता नळाइतकं महत्त्व होतं. घरोघरी थंडावा पुरवण्याइतकी वीज उरली नव्हती. प्रभागातली सावली ठरल्या मर्यादेखाली गेली की अख्खा प्रभाग उठवून थंडघरात हलवायचा, असा नियम होता. एकट्यादुकट्या घराची सावली त्यात धरत नसत.

अशा शहरात ‘अनुग्रह’ आणि ‘पद्मरेखा’ यांच्या मधला बोळ तेवढा जिवंत राहिला होता, आणि त्याचं श्रेय भांडणाला होतं. बोळ कुणाचा, यावरून दोन्ही सोसायट्या रहिवाशांच्या आजोबांच्या काळापासून कोर्टात होत्या. कोर्टानं ‘जैसे थे’ असा आदेश दिला होता: निकाल लागेपर्यंत कुणी पाऊल टाकायचं नाही, दिवा लावायचा नाही, केरसुणी फिरवायची नाही. निकाल काही लागला नाही. शिरिषाची पानं पडत राहिली, कुजत राहिली, आणि वकिलांच्या तीन पिढ्यांबरोबर वाण्यांच्याही कित्येक पिढ्या त्या बोळात सुखानं पोसल्या गेल्या.

हे पहिल्यांदा ध्यानात आलं ते डॉ. इहान तांबोळी यांच्या. ते विद्यापीठात मातीतल्या जिवांचा अभ्यास करत. जाळीच्या पिशवीत वाळलेली पानं भरायची, पिशवी मातीत पुरायची आणि पानं नाहीशी व्हायला किती महिने लागतात ते पाहायचं. त्या आकड्याला ते त्या जागेचा पचनांक म्हणत. बोळात पाय ठेवायला बंदी, म्हणून त्यांनी दुर्वाताईंच्या गॅलरीतून काठीच्या टोकाला लावून एक पिशवी खाली पाचोळ्यात खुपसली होती. चार महिन्यांनी त्यांनी ती वर ओढली.

“ताई, हे बघा.”

जाळीत शिरांचे चार धागे उरले होते.

“पानं पळाली की काय?” दुर्वाताई म्हणाल्या.

“खाल्ली. चार महिन्यांत. महावीर बागेतली माझी पिशवी चार वर्षांची आहे. तिच्यातली पानं अजून इस्त्री केल्यासारखी आहेत.”

खाटेवरून अर्णवराव म्हणाले, “म्हणजे आमच्या भांडणाला फळ आलं म्हणायचं.”

“आलंच. शहरात दुसरीकडे इतकी जिवंत माती मला सापडलेली नाही. यातली थोडी उचलून दुसऱ्या झाडाच्या आळ्यात नेली, तर कदाचित तिथेही हे जीव मूळ धरतील.”

“म्हणजे विरजणच की,” दुर्वाताई म्हणाल्या.

“कसलं?”

“दह्याचं हो. चमचाभर जिवंत दही घ्यायचं, कोमट दुधाला लावायचं. सकाळपर्यंत पातेलं लागतं.”

डॉक्टरांची मुद्रा उजळली. आयुष्यभर ते भावकीला, मंत्र्यांना आणि सासऱ्यांना आपण काय करतो ते समजावत आले होते. एका वाक्यात समजलेली ही पहिलीच व्यक्ती. “अगदी बरोबर,” ते म्हणाले. “जवळजवळ तसंच.”

सगळं शास्त्र त्या ‘जवळजवळ’मध्ये होतं, आणि तो शब्द कुणी ऐकला नाही.

डॉक्टरांचं मागणं लहान होतं. भिंतीलगतची पाच-सहा आळी घ्यावीत, थोडी माती तिथे न्यावी आणि पाच वर्षं वाट पाहावी. पण त्यासाठी बोळात उतरायला हवं होतं, आणि त्यासाठी दावा मिटायला हवा होता. दुर्वाताईंनी वर मांडलेला हिशेब मनात केला आणि स्वतःहून ‘पद्मरेखा’ची पायरी चढल्या. बिरनाळेंनी तो रात्री केला असावा, कारण दुसऱ्या दिवशी तेही आले.

“निम्मा बोळ तुमचा, निम्मा आमचा,” बिरनाळे म्हणाले. “आजोबा असते तर मला घराबाहेर काढलं असतं.”

“माझ्या आजोबांनी तुम्हाला घरात घेतलं नसतं,” दुर्वाताई म्हणाल्या. “साखर घ्या.”

दोन्ही सोसायट्यांनी पेढे वाटले. शहाण्यासुरत्या माणसांनी समेट केला म्हणून वर्तमानपत्रांनी कौतुक केलं. बोळाचं संरक्षण त्या दिवशी संपलं, ही बातमी कुणी छापली नाही.

महिन्याभरात दारात पहिली वाटी आली. गव्हर्न्मेंट कॉलनीतली कुणी बाई, ओळख ना पाळख. “ताई, तुमच्याकडे मातीचं विरजण मिळतं म्हणे. आमचा कडुनिंब वाळत चाललाय.”

आता आपल्याकडे तेल-मीठ मागणाऱ्याला एकवेळ परत पाठवतील, पण विरजणाला नाही म्हणत नाहीत. दिल्यानं कमी होत नाही ते विरजण. कालचं दही संपलं तरी परवाच्याच विरजणाचं ते आजही लागतं. कुणाच्या घरचं मूळ कुणाच्या घरी, याचा पत्ता नसतो. दुर्वाताईंनी वाटी भरली. वाटीत काळा भुगा, चार-दोन वाणी, आणि बोटभर गांडूळ. आणि देताना, देणाऱ्या बाईला शोभेल असा सल्लाही दिला.

“हे बघा, दही बिघडतं ते विरजणानं नाही, भांड्यानं. आधी आळं खरवडून स्वच्छ झाडून घ्या. मग चांगलं उकळतं पाणी ओता, म्हणजे जुनं काही राहणार नाही. गार झालं की हे पसरा. वर चार पानं टाका आणि हलवू नका.”

“असं होय,” ती बाई म्हणाली. तिला ते लगेच पटलं. पटण्यासारखंच होतं.

त्या पावसाळ्यात कडुनिंबाखाली वाणी फिरताना दिसले, पानांना भोकं पडली. लेकरं वाण्यांना काडीनं डिवचून वेटोळं करायला लावू लागली. आणि मग वाट्या वाढल्या. मिरजेतून आल्या, विश्रामबागेतून आल्या, माधवनगरातून डबे आले, एका शाळेनं बादली पाठवली. दुर्वाताई प्रत्येकीला बसवून घेत, चौकशी करत, आपलं नाव-गाव तिच्या लक्षात राहील असं वागत आणि न चुकता भांड्याचा सल्ला देत. घेणारीनं पुढच्या घेणारीला तो सांगितला. कुणी सांगितला हे गळलं, सल्ला उरला.

दुसऱ्या पावसाळ्यात डॉक्टर तणतणत आले.

“ताई, हे थांबवा.”

“दारात वाटी घेऊन उभ्या बाईला काय सांगू? नाही म्हणू?”

“हो.”

“विरजणाला?”

“ते विरजण नाही.”

“तुम्हीच म्हणालात.”

“जवळजवळ म्हणालो होतो,” डॉक्टर म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. “दह्यातला जीव एकाचे दोन होतो, तासा-दोन तासांत. त्याला कुणाची गरज नाही. वाण्याला वयात यायलाच दोन-तीन पावसाळे लागतात. आणि त्याला जोडीदार लागतो. तुम्ही दहा वाणी दहा सोसायट्यांत पाठवलेत. मधे डांबर. आता कोण कुणाला भेटणार?”

“स्थळं लांबची पडली म्हणा,” अर्णवराव म्हणाले.

“हसण्यावारी नेऊ नका, काका. जे फिरताना दिसतात ते तुमच्या बोळातलेच म्हातारे आहेत. ते मेले की संपलं. आणि इथेही आता पाचोळा विरळ झालाय. निदान निम्मं राखा.”

दुर्वाताई हट्टी होत्या, पण मूर्ख नव्हत्या. त्यांनी आपल्या बाजूला फळी लावली आणि दार लोटून घेतलं. पंधरा दिवस त्यांनी खरोखर कुणाला काही दिलं नाही. पण बोळाची दुसरी बाजू बिरनाळेंची होती, आणि निवडणूक त्यांनाही दिसत होती. ‘पद्मरेखा’च्या फाटकावर पाटी लागली: विरजण-माती येथे मिळेल, कोणालाही परत पाठवले जाणार नाही.

“कोणालाही परत पाठवलं जाणार नाही,” दुर्वाताईंनी गॅलरीतून मोठ्यानं वाचलं. “म्हणजे आम्ही पाठवतो.”

“पाठवतेस की,” अर्णवराव म्हणाले.

“मी दिलं ते विसरायला लोकांना किती दिवस लागतील?”

“तू राहू दे ना. तो संपवेल त्याचं. तुझं निम्मं राहील.”

“आणि तो निवडून येईल.”

 संध्याकाळी फळी निघाली. त्यानंतर दोन शेजाऱ्यांनी एकमेकांना दातृत्वात जे हरवलं, तसं कोर्टात तीन पिढ्यांत कुणी कुणाला हरवलं नव्हतं. दुर्वाताई निवडून आल्या. हार घालायला आलेल्या बायकांपैकी निम्म्यांच्या पिशवीत रिकाम्या वाट्या होत्या.

तिसऱ्या वर्षी शिरिषाची पानं नखाएवढी आली. भर श्रावणात गळली, आणि बोळात पडून तशीच राहिली. दुर्वाताई रोज वरून पाहत. पान पडल्यावर आवाज होतो हे त्यांना त्या वर्षी कळलं. मऊ मातीवर तो कधी झाला नव्हता. गॅलरीत दुपारी ऊन यायला लागलं. अर्णवराव खाट मागे सरकवायला सांगत, आणि एक दिवस मागे भिंत लागली.

“दिलेलं परत आणू,” त्या डॉक्टरांना म्हणाल्या. “आपलं विरजण बिघडलं तर ज्यांना दिलं त्यांच्याकडून आणायचं, तसंच असतं.”

डॉक्टरांनी शहरभर पिशव्या पुरल्या. वाटी नेलेल्यांच्या आळ्यांत पुरल्या, आणि तुलनेसाठी न नेलेल्यांच्याही आवारात पुरल्या. सहा महिन्यांनी ते त्या घेऊन आले. 

“घेतलेल्यांकडे काही नाही,” ते म्हणाले. “एका पानाला दात लागलेला नाही. ते मी धरूनच चाललो होतो.”

“मग?”

“न घेतलेल्यांकडे आहे.”

दुर्वाताईंना नीट कळलं नाही. “कुणाकडून घेतलं त्यांनी?”

“कुणाकडून नाही. त्यांचं स्वतःचंच. प्रत्येक अंगणात थोडे जीव होते, ताई. भिंतीच्या मुळाशी, दगडाखाली, ओल असेल तिथे खोल. अगदी थोडे, वर दिसत नसत म्हणून आम्ही धरलं की नाहीतच. दहा-पंधरा वर्षं नुसता झाडू थांबवला असता तर ते वर आले असते. विरजण लावायची गरज नव्हती. दुधातच होतं.”

“मग घेतलेल्यांकडचे कुठे गेले?”

“घेतलेल्यांनी ते उकळत्या पाण्यानं मारले. घरोघरी तीच कथा. आधी खरवडलं, मग उकळतं पाणी ओतलं, मग तुमची वाटी पसरली. ही पद्धत कुणी काढली तेवढं कळत नाही. विचारलं की म्हणतात, असंच करतात.”

दुर्वाताईंनी उशीचा अभ्रा ओढून सारखा केला. तो सारखाच होता. अर्णवराव त्यांच्याकडे पाहत होते. तीन वर्षं, दारातला प्रत्येक शब्द त्या खाटेवर ऐकू येत होता.

“डॉक्टर,” अर्णवराव म्हणाले, “चहा घेणार ना?”

चहा झाल्यावर दुर्वाताईंनी विचारलं, “न घेतलेल्यांत सगळ्यात चांगली जागा कुठली?”

“नाही सांगणार.”

“माझ्यावर विश्वास नाही?”

“तुम्हाला नाही म्हणता येत नाही, ताई. तिथे विश्वासाचा काय उपयोग? कुणालाच सांगणार नाही मी. मालकिणीलाही नाही. एका जागेला तरी वाटी लागू नये.”

पुढच्या उन्हाळ्यात सावलीची मोजणी झाली आणि प्रभाग मर्यादेखाली गेला. उठवायचा आदेश आला तो नगरसेविका म्हणून दुर्वाताईंच्याच हातात. त्यांनी तो नेकीनं पार पाडला. म्हाताऱ्यांना आधी हलवलं, सामानाच्या गाड्या वेळेवर आणल्या. रिकाम्या घरांचा ताबा स्वच्छ करून द्यायचा, असं आदेशात होतं. आवारात पालापाचोळा राहिला तर वणव्याची भीती. दुर्वाताईंनी झाडणाऱ्यांच्या टोळ्या लावल्या आणि एकही अंगण सुटू नये म्हणून स्वतः गल्लोगल्ली फिरल्या.

चर्चमागच्या गल्लीत एस्तेरबाई आढाव नावाच्या निवृत्त शिक्षिका एकट्या राहत. गुडघे गेलेले, त्यामुळे कित्येक वर्षांत अंगण झाडलं नव्हतं. जिने चढवत नाहीत म्हणून विरजण मागायलाही कधी आल्या नव्हत्या. अंगणात एक हिरवागार आंबा होता आणि त्याखाली घोटाभर पाचोळा.

“बाई, केवढा हा कचरा,” दुर्वाताई म्हणाल्या. “मला आधी सांगायचं ना, पोरं पाठवली असती.”

“कशाला तुम्हाला त्रास,” एस्तेरबाई म्हणाल्या. त्या ओशाळल्या होत्या.

डॉक्टर तांबोळी हे अंगण वगळावं म्हणून सकाळपासून कचेरीत बसले होते. कोणतं अंगण, असं साहेबांनी विचारल्यावर ते पत्ता टाळत राहिले, आणि सांगितला तेव्हा दुपार कलली होती. पळत गल्लीत आले. अंगण रंधा मारलेल्या लाकडासारखं स्वच्छ होतं. आंब्याखाली दुर्वाताई उभ्या होत्या. त्यांनी डॉक्टरांचा चेहरा पाहिला, मग झाड वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि त्या न सांगितलेल्या जागेचा पत्ता त्यांना कळला.

तेव्हा ताळा असा. दुर्वाताईंना निवडणूक मिळाली आणि एक खाट. अर्णवरावांना भिंतीच्या दुसऱ्या अंगाला एक खाट. पहिल्या दोन रविवारी ते भेटीच्या दालनात आले, तिसऱ्या रविवारी त्यांच्या जागी निरोप घेऊन शिपाई आला. बिरनाळेंना एक खाट. वाट्या नेणाऱ्यांना एका पावसाळ्यापुरता आनंद, आणि खाट. एस्तेरबाईंनी कुणाचं काही घेतलं नव्हतं, दिलं नव्हतं, मागितलं नव्हतं; त्यांच्या वाट्याला आलेली खाट इतरांएवढीच रुंद होती. आणि त्यांच्या अंगणातल्या पाचोळ्याची तीन पोती भरली. गाडीवाल्याला ती उचलताना ओली आणि भलतीच जड लागली, तेव्हा वाळून हलकी व्हावीत म्हणून त्यानं ती रस्त्यात भर उन्हात पसरून ठेवली.